ऑटोपायलट बसवताना: आधी सुटतो का ते पाहा

ऑटोपायलट घ्यायचा ठरला की बोलणं थेट कंपनीवर येतं. गार्मिन की डायनॉन, स्क्रीन केवढा, जीपीएसवरचा मार्ग आपोआप धरतो का, धावपट्टीच्या रेषेवर खाली आणून देतो का. हे सगळं नंतरचं. छोट्या विमानात ऑटोपायलट बसवणं म्हणजे एलरॉन आणि एलिव्हेटरच्या दांड्यांना आणखी एक हात कायमचा जोडून ठेवणं. तो हात विमान किती छान उडवतो हे पाहण्याआधी तो हव्या त्या क्षणी सुटतो का, वीज असताना आणि नसताना, बटण चालत असताना आणि बिघडलेलं असताना, याची खात्री व्हायला हवी. बसवण्याची आणि चाचणीची सगळी कामं मी याच क्रमाने लावतो, आणि तुम्हीही तशीच लावावीत असं मला मनापासून वाटतं.

उदाहरणासाठी व्हॅन्स एअरक्राफ्टचं आरव्ही-7 घेऊ. दोन आसनांचं, ॲल्युमिनियमचं, किटवरून घरी बांधायचं हे विमान. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांपैकी कुणाच्या गॅरेजमध्ये असं किट उभं राहत असेल तर लेखातला बराचसा भाग त्यांना जसाच्या तसा लागू पडेल. सेस्ना 172 सारख्या प्रमाणित विमानाचे मालक किंवा ते उडवणारे विद्यार्थी यांना बसवण्याचं काम स्वतः करायचं नसतं, पण चाचणीचा भाग त्यांच्याही रोजच्या उपयोगाचा आहे.

कायद्याची बाजू आधी उरकून घेऊ. अमेरिकेत हौशी बांधणीचं विमान 'एक्सपरिमेंटल' वर्गात मोडतं. त्यात ऑटोपायलट बसवायला वेगळं प्रमाणपत्र लागत नाही. काम मालक स्वतः करू शकतो आणि लॉगबुकात नोंद करतो. विमान नवीन असेल तर चाचणी पहिल्या टप्प्यातल्या 25 किंवा 40 तासांतच करून घ्यावी. आधीपासून उडत असलेल्या विमानात नंतर बसवत असाल तर तुमच्या ऑपरेटिंग लिमिटेशन्सचा कागद काढून 'मोठा बदल' या शब्दांपुढे काय लिहिलंय ते वाचा. बदल मोठा ठरला तर काही तास पुन्हा चाचणीच्या टप्प्यात काढावे लागतात. ती नामुष्की नव्हे. तेवढे तास तुम्हाला तसेही हवेच असतात. प्रमाणित विमानासाठी मात्र त्या मॉडेलला लागू असलेलं पूरक टाइप सर्टिफिकेट आणि अधिकृत मेकॅनिकची सही लागते.

भारतात 'व्हीटी' नोंदणीच्या विमानात मालकाने स्वतः पाना उचलण्याचा प्रश्नच येत नाही. बदलाला मान्य कागदपत्रांचा आधार हवा आणि सही एव्हिऑनिक्सचा परवाना असलेल्या इंजिनिअरची. हौशी बांधणीची वाट तर इथे फारच अरुंद आहे. अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान 2016 मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं गेलं, तरी डीजीसीएची नोंदणी मिळायला 2017 चा नोव्हेंबर उजाडला. म्हणून बसवण्याच्या कामाबद्दल लिहिताना मी अमेरिकेतली पद्धत धरली आहे.

सर्व्हो: सगळा जीव इथे

पडद्यामागची संगणकाची हुशारी कितीही असो, विमानाला प्रत्यक्ष हात लावतो तो सर्व्हो. गिअर लावलेली मोटर, तिच्या शाफ्टवर छोटा आर्म, आणि आर्मच्या टोकापासून बेलक्रँकपर्यंत जाणारी पुशरॉड. दोन अक्षांच्या ऑटोपायलटला असे दोन सर्व्हो लागतात. आरव्ही-7 मध्ये रोलचा सर्व्हो पंखात एलरॉनच्या बेलक्रँकपाशी बसतो आणि पिचचा सामानाच्या जागेमागे, शेपटीकडच्या भागात, एलिव्हेटरच्या बेलक्रँकपाशी. पंखाचा खालचा पत्रा रिव्हेट करण्याआधीच तिथला ब्रॅकेट बसवून तारा ओढून ठेवा, सर्व्हो पुढच्या वर्षी घेणार असलात तरी. पत्रा बंद झाल्यावर तपासणीच्या छोट्या झाकणातून हात घालून हेच काम करायला दुप्पट वेळ जातो आणि हमखास निकृष्ट होतं.

सर्व्हो घेताना मोठा तो चांगला असं समजू नका. तुमच्या मॉडेलसाठी कंपनीने सुचवलेल्यातला लहानात लहान घ्या. सर्व्हो जितका ताकदवान, तितका बिघाडाच्या वेळी हाताने दाबून टाकायला जड. शेपटीतला सर्व्हो जेमतेम किलोभराचा असतो, पण गुरुत्वमध्यापासून इतका मागे बसतो की हिशेबात त्याचं वजन जाणवतं. वेट अँड बॅलन्स नव्याने काढा.

आता या कामातली सर्वांत धोक्याची गोष्ट. स्टिक मध्यावर असताना आर्म आणि पुशरॉड यांच्यात काटकोन असायला हवा. स्टिक हलेल तसा आर्म फिरतो आणि तो कोन एका बाजूला लहान, दुसऱ्या बाजूला मोठा होत जातो. तो इतका वाढला की आर्म आणि पुशरॉड जवळजवळ एका सरळ रेषेत आले, तर पुशरॉड कितीही ढकला, आर्म परत फिरत नाही. त्यापुढे केसभर गेला तर तो उलट्या बाजूला पडतो आणि स्टिक तिथेच अडकते. एलिव्हेटर पूर्ण वर असताना असं झालं तर विमान वाचवायला फारसं काही हातात उरत नाही. इथे बटण, ब्रेकर, मास्टर स्विच यांपैकी कशाचाच उपयोग नाही, कारण हा बिघाड विजेचा नसून भूमितीचा आहे. म्हणून मध्यापासून दोन्हीकडे आर्म साधारण 60 अंशांच्या आतच फिरला पाहिजे. तुमच्या सर्व्होच्या पुस्तिकेत याहून कमी आकडा असेल तर तोच खरा.

हे कागदावर मोजून भागत नाही. एकाला कॉकपिटमध्ये बसवा, दुसऱ्याने विजेरी घेऊन सर्व्होपाशी डोळे लावावेत. स्टिक चारही कोपऱ्यांत न्या: पूर्ण मागे-डावीकडे, मागे-उजवीकडे, पुढे-डावीकडे, पुढे-उजवीकडे. प्रत्येक टोकाला विमानाचा स्वतःचा स्टॉप आधी टेकला पाहिजे. आर्म कशाला तरी अडून थांबत असेल, तर सर्व्होच स्टॉप झालाय आणि ते चालणार नाही. आर्मला सहसा एकापेक्षा जास्त भोकं असतात. आतलं भोक वापरलं तर आर्म जास्त फिरतो, बाहेरचं वापरलं तर कमी. पुस्तिकेने सांगितलेलंच भोक वापरा. सर्व्होसोबत आर्म ठरावीक कोनापुढे जाऊ न देणारी पट्टी येत असेल तर ती बसवाच.

सेस्नामध्ये दांड्यांऐवजी केबल असतात, आणि सर्व्होचा ड्रम छोट्या जोड-केबलने मुख्य केबलला बांधलेला असतो. तिथे सरळ रेषेत अडकण्याची भीती नाही, पण केबलचा ताण मोजण्याच्या उपकरणाने तपासावाच लागतो. सैल केबल घसरते आणि ऑटोपायलट विमान डोलवत राहतो. अति ताणलेली केबल हाताला कायमची जड लागते.

बोल्टचं काम संथपणे करा. पुशरॉडच्या टोकांना सहसा एएन3 बोल्ट असतात. त्यांच्या नटचा टॉर्क 20 ते 25 इंच-पाउंड. लॉकनट फिरवायला मुळातच जो जोर लागतो तो आधी मोजून यात मिळवायचा. रॉड-एंडच्या मोकळ्या बाजूला मोठा वॉशर घाला. बेअरिंग फुटून रॉड-एंडची कडी गोळ्यावरून निसटलीच, तर या वॉशरमुळे ती बोल्टवरून बाहेर पडत नाही. काही पैशांची चकती, पण तिच्यामुळे पुशरॉड सुटून भलतीकडे अडकत नाही. जॅमनट आवळा, रॉड-एंडचे पुरेसे आटे आत गेलेत का ते पाहा, आणि प्रत्येक नटवर रंगीत लाखेची रेघ ओढा. वर्षाने झाकण उघडाल तेव्हा रेघ तुटलेली दिसली की नट हललाय हे क्षणात कळेल.

डायनॉनच्या सर्व्होत आर्म एका पितळी स्क्रूने धरलेला असतो, आणि तो मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो. सर्व्होचे गिअर आतून अडकले तर स्टिकला जोरात हिसका द्यायचा, स्क्रू तुटतो, आर्म मोकळा होतो. हरवला म्हणून त्या जागी पोलादी स्क्रू घालणं म्हणजे सुटकेचं शेवटचं दार स्वतःच्या हाताने बंद करणं. दोन जादा पितळी स्क्रू विमानाच्या पिशवीत ठेवा. तुमच्या सर्व्होत असा स्क्रू नसून क्लच असेल, तर तो वीज गेल्यावर आपोआप सुटतो का, हे पुस्तिकेतून नीट समजून घ्या.

तारा, चुंबक आणि हवेच्या नळ्या

सर्व्होंना स्वतंत्र ब्रेकर द्या, आणि तो खेचता येणारा असू द्या. पॅनलवर तो सगळ्यांपेक्षा वेगळा दिसला पाहिजे. त्याच्याभोवती रंगीत कडी बसवा. बसल्या जागी, पट्टे आवळलेले असताना, डोळे मिटून हात तिथे जातो का ते पाहा. नाही गेला तर ब्रेकरची जागा बदला. सुटकेचं बटण स्टिकवरच हवं, अंगठ्याखाली, आणि रेडिओच्या बटणापासून इतकं लांब की गडबडीत एकाऐवजी दुसरं दाबलं जाऊ नये. शेजारच्या आसनापुढच्या स्टिकवरही ते द्या.

चुंबकीय दिशा मोजणारा मॅग्नेटोमीटर लोखंडी वस्तूंपासून आणि सर्व्होच्या मोटरपासून दूर लावा. तपास सोपा आहे: वीज चालू करा, स्टिक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या आणि पडद्यावरची दिशा पाहा. एक-दोन अंशांपेक्षा जास्त सरकली तर सेन्सर हलवा. मग दिवे, पिटोट हीट, इंधनपंप एकेक चालू-बंद करून तेच पाहा.

स्टॅटिक नळीकडे फार लोक दुर्लक्ष करतात, आणि उंची धरण्यातल्या निम्म्या तक्रारी मला वाटतं तिथेच जन्मतात. ऑटोपायलटला उंची कळते ती याच नळीतल्या दाबावरून. गळतीची कसोटी ठरलेली आहे: नळीतला दाब 1,000 फूट वर गेल्याइतका कमी करून नळी बंद करा, एका मिनिटात 100 फुटांपेक्षा जास्त घसरण झाली तर गळती शोधा. आरव्हीच्या मूळ किटमध्ये स्टॅटिक पोर्ट म्हणजे बाजूच्या पत्र्यातलं पॉप रिव्हेट असतं आणि त्याचं पत्र्यावर किंचित उठलेलं डोकं आकडा बरोबर ठेवतं. ते ओबडधोबड दिसतं म्हणून बरेच जण पत्र्याशी सपाट बसणारा देखणा पोर्ट लावतात आणि मग वेगाचे आणि उंचीचे आकडे चुकायला लागतात. तिथे सौंदर्याचा हट्ट सोडावा.

जमिनीवर

पहिली फेरी वीज बंद ठेवून. स्टिक चारही कोपऱ्यांत फिरवा, हाताला खडबड किंवा अडथळा लागतो का पाहा. सर्व्हो बसवण्याआधीचा स्पर्श लक्षात ठेवलेला असेल तर फरक चटकन कळतो. मग वीज चालू, ऑटोपायलट बंद: स्पर्श तसाच राहिला पाहिजे.

आता ऑटोपायलट चालू करा आणि दिशेची चाचणी घ्या. हेडिंग बग डावीकडे फिरवला की स्टिक डावीकडे गेली पाहिजे. चढण्याचा आदेश दिला की स्टिक मागे आली पाहिजे. सर्व्हो उलटा जोडला गेला असेल किंवा सेटिंगमध्ये दिशा उलटी असेल तर विमान डावीकडे कललं की ऑटोपायलट त्याला आणखी डावीकडे ढकलेल. ही चूक जमिनीवर दोन मिनिटांत सापडते. ही चाचणी दोघांनी करावी: एकाने आदेश मोठ्याने म्हणायचा, दुसऱ्याने बाहेर उभं राहून पंखाची आणि शेपटीची पाती कुठे वळली ते मोठ्याने सांगायचं. विमान जागेवर उभं असल्यामुळे दिशा बदलत नाही, म्हणून स्टिक हळूहळू टोकापर्यंत सरकत जाते. तो बिघाड नव्हे.

इलेक्ट्रिक ट्रिमचीही अशीच दिशा तपासा. ऑटोपायलट स्वतः ट्रिम फिरवणारा असेल तर ही चाचणी दुप्पट महत्त्वाची.

मग सुटकेची चाचणी. ऑटोपायलट चालू ठेवून स्टिक हाताने दाबून पलीकडे न्या. दोन बोटांनी नको, पण एका हाताच्या सहज ताकदीने ती गेली पाहिजे. जात नसेल तर टॉर्कची सेटिंग कमी करा. नंतर प्रत्येक वाट वेगळी तपासा: स्टिकवरचं बटण, पॅनलवरचं बटण, ब्रेकर, मास्टर स्विच. दर वेळी ऑटोपायलट पुन्हा चालू करायचा आणि एकाच वाटेने सोडवायचा. पडदा बंद करून पुन्हा सुरू होताना सर्व्हो मोकळा राहतो का, तेही पाहा.

इंजिन चालू करून शेवटची फेरी. 118 ते 137 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या खालच्या, मधल्या आणि वरच्या फ्रिक्वेन्सीवर रेडिओचं बटण दाबून बोला, आणि स्टिक थरथरते का ते पाहा. बोलताना स्टिकने झटका दिला तर अँटेनाची केबल, जमिनीची जोडणी किंवा सर्व्होच्या तारांचं आवरण यांत दोष आहे. तो निघेपर्यंत उड्डाण नको.

हवेत

नवीन विमानाची पहिली काही उड्डाणं ऑटोपायलटचा ब्रेकर खेचूनच करा. विमान हाताने कसं वागतं, कुठल्या वेगाला ट्रिम कुठे बसते, स्टॉल कुठे होतो, एक पंख जड आहे का, हे आधी तुम्हाला कळलं पाहिजे. वाकडं विमान ऑटोपायलटने सरळ होत नाही, फक्त वाकडेपणा झाकला जातो.

चाचणीसाठी सकाळची शांत हवा निवडा, ऊन तापून वर उसळणारे झोत सुरू होण्याआधीची. उंची जमिनीपासून किमान 3,000 फूट. मला 5,000 जास्त पसंत. सोबत दुसरा वैमानिक घ्या. अमेरिकेत पहिल्या टप्प्यात एरवी एकट्यानेच उडायचं असतं, पण 2014 पासून ठरावीक अटींवर पात्र वैमानिक सोबत नेता येतो. एकाने स्टिकपाशी हात ठेवून बाहेर पाहावं, दुसऱ्याने कार्डावरची चाचणी वाचून आकडे लिहावेत. पडद्यात डोकं घालून सेटिंग बदलणारा एकटा वैमानिक आजूबाजूचं विमान पाहत नसतो.

सुरुवात रोलपासून, पिच अजून बंद. दिशा धरायला लावा आणि लगेच सोडवा. पुन्हा लावा, स्टिक दाबून विमान कलवा, पुन्हा सोडवा. हवेतला दाब जमिनीवर नसतो, म्हणून हातचाचणी इथे परत घ्यायची. मग 10, 20, 30 अंशांची वळणं. पंख लहान लहान झटक्यांनी डोलत असतील तर संवेदनशीलता जास्त आहे किंवा जोडणीत कुठे तरी ढिलाई आहे. विमान रेषेच्या आलटून पालटून दोन्हीकडे सापासारखं लांबलचक वळत असेल तर संवेदनशीलता कमी आहे. आकडे बदलण्याआधी खाली उतरून ढिलाई तपासा. सैल बोल्टला सॉफ्टवेअरचा उपाय नसतो. एका वेळी एकच आकडा बदला, थोडाच बदला, लगेच लिहून ठेवा.

प्रत्येक सेटिंग दोन वेगांना तपासा. आरव्ही-7 क्रूझला साधारण 160 नॉट्सला असतं आणि उतरणीला 80 ला. वेग दुप्पट म्हणजे पात्यांवरचा हवेचा दाब चौपट. 160 ला गुळगुळीत चालणारा ऑटोपायलट 80 ला आळशी वाटू शकतो, आणि 80 ला जुळवून घेतलेला 160 ला थरथरू शकतो. मधला तोडगा काढावा लागतो. माझ्या मते झुकतं माप शांत चालण्याला द्यावं.

इंधनाकडे लक्ष ठेवा. आरव्ही-7 च्या प्रत्येक पंखात 21 गॅलनची टाकी असते. दोन्ही टाक्यांत 10 गॅलनचा फरक पडला तर एक पंख सुमारे 27 किलो जड होतो. ऑटोपायलट तो भार गुपचूप धरून ठेवतो आणि बटण दाबताच विमान जड बाजूला कलतं. म्हणून सोडवण्याआधी स्टिक नेहमी हातात घ्यायची.

मग पिच. आधी हाताने ट्रिम करून, स्टिक सोडली तरी नाक जागेवर राहील इतकं विमान सरळ करा, आणि मगच उंची धरायला लावा. नाक वर-खाली डोलत राहिलं तर आधी एलिव्हेटरच्या जोडणीतली ढिलाई, मग स्टॅटिक नळी, मग संवेदनशीलता, या क्रमाने शोधा. विमान किंचित तिरकं उडवून पाहा; उंचीचा आकडा उडी मारत असेल तर स्टॅटिक पोर्टची जागा चुकते आहे. मिनिटाला 500 फुटांनी चढताना ठरलेली उंची पकडायला लावा, ती ओलांडून किती पुढे जातो ते लिहा, मग उतरताना तेच.

यानंतरची चाचणी टाळू नये. उंची धरलेली असताना पॉवर हळूहळू कमी करा. ऑटोपायलट उंची सोडत नाही, म्हणून नाक वर उचलत जातो आणि वेग घटत जातो. उभ्या चढणीचा दर पकडायला सांगितलं तर इंजिनाला झेपत नसतानाही तो तोच दर धरून वेग गमावतो. उंची किंवा दर धरण्यात हाच सापळा आहे. ऑटोपायलटला किमान वेगाची मर्यादा घालता येत असेल तर ती स्टॉलच्या वेगाच्या किमान 1.3 पट ठेवा. आरव्ही-7 चा स्टॉल पूर्ण वजनाला सुमारे 51 नॉट्स, म्हणजे मर्यादा 66-67 च्या वर. त्या वेगाला तो खरंच नाक खाली घालतो का, हे उंचावर पाहून घ्या, आणि तसं झालं नाही तर स्टॉलच्या आधीच बटण दाबा.

सेस्ना 172 मध्ये बरेचदा दिसणारा केएपी 140 ऑटोपायलट वापरणाऱ्यांसाठी एक खास सूचना. ऑटोपायलट चालू असताना योक जोराने दाबून धरला तर त्याची आपोआप चालणारी ट्रिम तुमच्या विरुद्ध दिशेला फिरत राहते. मग तुम्ही बटण दाबता तेव्हा विमानाची ट्रिम भलतीकडे असते आणि योकवर अचानक मोठा जोर येतो. नाक ऐकत नाही असं वाटलं तर झगडत बसायचं नाही. आधी बटण, मग ट्रिम.

विमान सरळ करणारं 'लेव्हल' बटण असेल तर ते 20, मग 30 अंशांच्या कलण्यातून तपासा. हे बटण खरं कुणासाठी आहे ते सांगतो. 1954 मध्ये इलिनॉय विद्यापीठाने बाहेर काही दिसत नसताना उडायचं प्रशिक्षण नसलेल्या 20 जणांना तशा परिस्थितीत उडवलं. विमान सरासरी 178 सेकंदांत त्यांच्या हाताबाहेर गेलं. ढगात चुकून शिरलेल्या वैमानिकाला या बटणाने श्वास घेता येतो. म्हणूनच ते तुमच्या विमानात नक्की काय करतं, किती वेळात पंख सरळ होतात, किती उंची जाते, हे आकड्यांसह माहीत असायला हवं.

जीपीएसच्या मार्गाची चाचणी शेवटी. वाऱ्यात रेषा धरतो का, वळणबिंदूच्या आधी वेळेत वळायला लागतो का. आणि मग मुद्दाम जीपीएस बंद करून पाहा: तो कुठल्या मोडमध्ये जातो आणि पडद्यावर ते कसं कळतं.

चाचणी संपली की विमानाच्या पुस्तिकेत एक पान जोडा. कमीत कमी आणि जास्तीत जास्त वेग, कमीत कमी उंची, टेकऑफ आणि लँडिंगला वापरायचा नाही ही सूचना, टॉर्क आणि संवेदनशीलतेचे ठरलेले आकडे, ब्रेकरची जागा, सोडवण्याच्या सगळ्या वाटा क्रमाने. वार्षिक तपासणीच्या यादीत सर्व्होचे बोल्ट, लाखेच्या रेघा, पितळी स्क्रू, पुशरॉडची ढिलाई आणि आर्मचा फिरण्याचा कोन घाला. वायली पोस्टने 1933 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती स्पेरीचा ऑटोपायलट घेऊन, आणि त्यालाही वाटेत तो दुरुस्त करायला थांबावं लागलं. यंत्र दमतं, नट सैल होतात.

आणि रोज, इंजिन तापत असताना: ऑटोपायलट चालू करा, स्टिक दाबून पलीकडे न्या, बटणाने सोडवा, मग स्टिक चारही कोपऱ्यांत मोकळी फिरते का पाहा. ट्रिम टेकऑफच्या खुणेवर आणा. या पाच गोष्टी टेकऑफच्या यादीत छापून घ्या. तुमचं विमान दुसरा कुणी उडवणार असेल, तर सुटकेच्या सगळ्या वाटा त्याला तुमच्यासमोर, पट्टे आवळून, एकदा करून दाखवायला सांगा आणि मगच किल्ली द्या.